खेळलेली जर्सी की घासलेली जर्सी? आइस हॉकीच्या जुन्या जर्सीची पारख आणि जपणूक

प्रश्न थोडक्यात असा आहे. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक आइस हॉकी लीगमधल्या एका बचावपटूची 1983-84 च्या हंगामातली पांढरी जर्सी विकायला आली आहे. ती प्रत्यक्ष सामन्यांत वापरलेली असल्याचं विकणारा सांगतो आणि सोबत एका लिलावगृहाचं पत्रही देतो. पाठीवरच्या नावपट्टीखाली जुन्या टाक्यांच्या खुणा दिसतात, खांद्यांवर आणि बाह्यांवर काळे डाग आहेत. जर्सी खरी आहे का, ते जुने टाके वाईट लक्षण समजायचं का, आणि डाग धुऊन काढायचे का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण त्यात झालेली चूक परत सुधारता येत नाही: धुऊ नका. ड्रायक्लीनिंगलाही देऊ नका. पकच्या (खेळातल्या कडक चकतीच्या) रबराचे ओरखडे, स्टिकच्या काळ्या टेपची काजळी, बोर्डवरचा (मैदानाभोवतीच्या भिंतीचा) लागलेला रंग, कॉलरच्या आतला घामाचा पिवळट पट्टा हे सगळं त्या जर्सीचं जन्मपत्र आहे. ते गेलं की उरते ती फक्त जुनी जर्सी.

आता पारख. पत्र सध्या पाकिटातच राहू द्या. पत्र हे कोणाचं तरी मत असतं आणि ते आधी वाचलं की डोळे त्यातलंच शोधू लागतात. आधी कापड आणि शिवण, त्यावरून काळ, मग अंक आणि नाव, मग झीज, मग छायाचित्रं आणि सगळ्यात शेवटी कागद, या क्रमानं जा. पहिल्या दोन पायऱ्यांवर जर्सी नापास झाली तर पुढचे कष्ट वाचतात.

विकणाऱ्याचे शब्दही नीट ऐका. ‘गेम-वॉर्न’ म्हणजे सामन्यात घातलेली. ‘गेम-इश्यूड’ किंवा ‘टीम-इश्यूड’ म्हणजे खेळाडूसाठी तयार केलेली, पण कदाचित कपाटातच राहिलेली. ‘प्रो-स्टॉक’ म्हणजे संघासाठी बनलेल्या दर्जाचा माल, ज्यावर नाव-अंक नंतर कोणीही शिवलेले असू शकतात. ‘ऑथेंटिक’ हा शब्द दुकानात विकल्या जाणाऱ्या महागड्या प्रतींनाही लावतात. किंमत पहिल्या शब्दाची मागायची आणि पावतीवर दुसरा किंवा तिसरा लिहायचा, हा प्रकार सर्रास चालतो. पावतीवर नेमका शब्द लिहून घ्या.

कापडावरून काळाचा ढोबळ अंदाज लगेच येतो. सुरुवातीच्या दशकांतल्या जर्सी लोकरीच्या होत्या, म्हणून कॅनडात आजही तिला ‘स्वेटर’ म्हणतात. पुढे ड्युरीन आलं. हे मर्सराइज केलेलं (रासायनिक प्रक्रियेनं चमक आणलेलं), किंचित चकाकणारं, जड सुती विणकाम. त्यात बहुधा कृत्रिम धाग्याची जोड असे. 1970 च्या दशकात हलकं कृत्रिम विणकाम आणि जाळीचं कापड रुळलं. 1980 च्या दशकातली जर्सी म्हटल्यावर पॉलिएस्टरचं विणकाम किंवा जाळी अपेक्षित आहे. लेबलांवर सीसीएम, मास्का, सँडो, विल्सन, रॉलिंग्स, गंझोज अशी नावं भेटतात. सीसीएमचं दिवाळं 1983 मध्ये निघालं आणि तिचा हॉकीचा व्यवसाय स्पोर्ट मास्कानं घेतला. त्यामुळे नेमक्या तुमच्या हंगामाच्या आसपासची लेबलं काळजीपूर्वक पाहावी लागतात. त्याच संघाच्या, त्याच हंगामाच्या, आधी सिद्ध झालेल्या दोन-तीन जर्सींची छायाचित्रं मिळवा आणि लेबलाचा रंग, अक्षरांचं वळण, त्याची जागा आणि ते कोणत्या टाक्यानं शिवलंय हे एकेक करून ताडून पाहा.

धुण्याच्या सूचनांचं लेबलही बोलकं असतं. अमेरिकेत कपड्यांवर असं कायमस्वरूपी लेबल 1972 पासून सक्तीचं झालं. 1960 च्या दशकातली म्हणून सांगितलेल्या जर्सीवर ते असेल तर मोठी शंका घ्या. तुमच्या जर्सीवर ते असण्यात वावगं काही नाही. उलट बाजूनं मात्र हा नियम चालत नाही: लेबल नाही म्हणून जर्सी जुनी, असं नाही, कारण लेबल कापायला कात्रीचा एक घाव पुरतो. कापलेल्या लेबलाची टोकं शिवणीत अडकलेली सापडतात. बोटानं चाचपून पाहा.

लीगचे नियमही कालमापनाला मदत करतात. 1970-71 पासून 2002-03 पर्यंत यजमान संघ पांढऱ्या जर्सीत खेळत. त्याआधीची काही वर्षं आणि 2003-04 पासून घरी रंगीत. म्हणजे तुमची पांढरी जर्सी घरच्या सामन्यांची आहे आणि छायाचित्रं घरच्या मैदानावरची शोधायची. (लॉस एंजेलिस किंग्ज आणि व्हँकुव्हर कनक्स यांनी काही वर्षं घरी पांढऱ्याऐवजी पिवळी वापरली, हा अपवाद ध्यानात ठेवा.) पाठीवर नाव 1977-78 पासून सक्तीचं झालं. टोरंटो मेपल लीफ्सचे मालक हॅरॉल्ड बॅलर्ड यांनी तेव्हा इतका विरोध केला की फेब्रुवारी 1978 मध्ये निळ्या जर्सीवर निळ्याच रंगात नावं लावली. काही संघांनी नावं त्याआधीही लावली होती, त्यामुळे नाव आहे म्हणून जर्सी 1977 नंतरचीच, असा निष्कर्ष काढू नका. 1980 च्या दशकातल्या जर्सीवर नावच नसेल, तर मात्र ते का नाही याचं उत्तर मिळालं पाहिजे. 1991-92 चा लीगच्या 75 व्या वर्षाचा आणि 1992-93 चा स्टॅनले कपच्या (लीगच्या विजेतेपदाच्या करंडकाच्या) शताब्दीचा बिल्लाही असाच उपयोगी पडतो. त्या हंगामाच्या जर्सीवर बिल्ला नसेल तर निदान त्याच्या टाक्यांची भोकं तरी दिसायला हवीत.

आता जर्सी उलटी करा. खरी तपासणी आतल्या बाजूनं होते आणि खोटं काम करणारा नेमका तिथेच हात आखडता घेतो. चांगला प्रकाश, 10 पटीचं भिंग आणि मोजपट्टी एवढं सामान पुरे. जर्सीच्या आत एक दिवा ठेवला की टाक्यांची प्रत्येक जुनी ओळ चाळणीसारखी उजळून दिसते.

अंक आणि नावाची अक्षरं त्या काळात बहुधा ट्विल (तिरप्या विणीच्या जाड) कापडाची, कडेनं झिगझॅग टाक्यानं शिवलेली असत. आतून पाहिल्यावर झिगझॅगचा माग अंकाच्या आकाराशी तंतोतंत जुळला पाहिजे. 9 च्या आतल्या बाजूला 4 चा जुना माग दिसला, तर तो अंक बदललेला आहे. सामान्य खेळाडूच्या जर्सीवर प्रसिद्ध खेळाडूचा अंक चढवण्याची लबाडी अशीच पकडली जाते. दुसरी गोष्ट ट्विलच्या सुरकुत्या. जर्सीचं विणकाम आणि अंकाचं ट्विल धुण्यात वेगवेगळ्या प्रमाणात आटतात, त्यामुळे हंगामभर धुतलेल्या जर्सीवर टाक्यांलगत बारीक चुण्या पडतात आणि त्या सगळ्या अंकांवर सारख्या असतात. कापड थकलेलं आणि अंक इस्त्रीतून काढल्यासारखे सपाट, असं दिसलं तर अंक नंतर बसवले आहेत.

नावपट्टीखालच्या जुन्या टाक्यांचा अर्थ दोन्ही प्रकारे लागू शकतो. त्या काळात जर्सी वाया घालवण्याची पद्धत नव्हती. खेळाडू दुसऱ्या संघात गेला की त्याची नावपट्टी उसवून नव्या खेळाडूची लावत. हंगाम संपला की जर्सी सराव शिबिरात किंवा खालच्या लीगमधल्या संलग्न संघाकडे जात. 1960 च्या दशकातल्या आणि त्याआधीच्या जर्सी आज इतक्या दुर्मीळ आहेत त्याचं हे मोठं कारण, कारण त्या झिजून संपेपर्यंत वापरल्या गेल्या. म्हणून आधी एवढं शोधा: त्या संघात, त्या अंकासह, तुमच्या खेळाडूच्या आधी किंवा नंतर कोण खेळलं? जुन्या टाक्यांची लांबी आधीच्या खेळाडूच्या नावाच्या लांबीशी जुळत असेल आणि सध्याची पट्टी कापडाइतकीच धुतलेली, मळलेली दिसत असेल, तर ही संघानंच केलेली अदलाबदल आहे आणि ती जर्सीच्या बाजूनं बोलते. पट्टी कोरी, धागा चमकदार आणि पट्टीच्या बाहेर डोकावणारं कापड जास्त उजळ असेल, तर पूर्वी तिथे मोठी पट्टी होती आणि आताची नंतर लावलेली आहे. याला जीर्णोद्धार म्हणतात. तो उघडपणे सांगून, योग्य कापडात केला असेल तर त्यात गैर काही नाही, पण किंमत मूळ अवस्थेतल्या जर्सीपेक्षा बरीच कमी हवी.

धाग्यासाठी अतिनील दिव्याचा वापर पुष्कळजण करतात आणि बरेचजण चुकतात. नव्या कृत्रिम धाग्यात आणि साबणात अतिनील किरण शोषणारी शुभ्रकं असतात, ती निळसर चमकतात. लोकरीच्या जुन्या जर्सीवर फक्त अंकाचा धागा चमकला आणि बाकी सगळं मंद राहिलं, तर धागा नवा आहे असं मानायला जागा आहे. सगळी जर्सीच चमकली तर त्यातून एवढंच कळतं की कोणीतरी ती अलीकडच्या साबणानं धुतली. 1980 च्या दशकातल्या पॉलिएस्टरवर हा दिवा फारसं काही सांगत नाही. एका भागाची दुसऱ्या भागाशी तुलना करण्यापुरताच वापरा.

पाठीच्या खालच्या कडेला आतून लढाईचा पट्टा, म्हणजे फाइट स्ट्रॅप, असतो. हाणामारीत प्रतिस्पर्ध्यानं जर्सी डोक्यावरून ओढू नये म्हणून तो पँटला अडकवतात. बफेलो सेबर्सचा रॉब रे जर्सी अंगातून निसटू देऊन मोकळ्या हातांनी लढत असे आणि त्याच्यामुळे 1990 च्या दशकात पट्टा न बांधणाऱ्यावर कारवाईचा नियम कडक झाला. तुमच्या हंगामात सगळ्यांच्या जर्सीला पट्टा असेलच असं नाही. असेल तर तो वापरलेला दिसायला हवा: इलॅस्टिक सैल, वेल्क्रोत लोकरीचा-टेपचा कचरा, बटणाभोवती गंज, पट्टा जिथे शिवला तिथलं कापड ताणलेलं. निव्वळ पट्टा आहे म्हणून खूश होऊ नका, पुढच्या काळात दुकानातल्या प्रतींनाही पट्टे येऊ लागले. आकड्यातल्या मापाचंही तसंच. 52 किंवा 54 लिहिलेलं लेबल दुकानी मालावरही सापडतं.

आता सगळ्यात मोठा भाग, झीज. इथे थोडं गणित उपयोगी पडतं. 1983-84 मध्ये हंगाम 80 सामन्यांचा होता, त्यातले 40 घरचे. संघाकडे पांढऱ्या जर्सींचा एकच संच असेल तर नियमित खेळाडूची जर्सी सुमारे 40 सामने अंगावर राहिली. दोन संच असतील तर साधारण 20. तुमचा बचावपटू त्या हंगामात किती सामने खेळला हे नोंदींत सहज सापडतं. सत्तर सामने खेळलेल्या बचावपटूची जर्सी कोरीकरकरीत असेल तर ती राखीव असावी. आठ सामने खेळलेल्याची जर्सी चिंध्या झालेली असेल, तर ती नंतर सराव शिबिरात किंवा दुसऱ्या कोणाच्या अंगावर झिजली असेल, नाहीतर कोणाच्या तरी कार्यशाळेत.

खरी झीज कुठे असते? बचावपटू बोर्डवर आदळतो, म्हणून खांद्याचा बाहेरचा भाग, दंड, कोपर आणि पाठीची कड. पॉलिएस्टर 250 ते 260 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं आणि वेगानं घासताना धाग्याच्या टोकाला तेवढी उष्णता मिळते. त्यातून ‘बोर्ड बर्न’ होतो: चकाकणारा, बोटाला कडक लागणारा डाग, भिंगाखाली टोकाला वितळलेले मणी. त्यात कधीकधी बोर्डच्या खालच्या पट्टीचा पिवळा किंवा रेषांचा लाल-निळा रंग रुतलेला सापडतो. लोकर आणि कापूस वितळत नाहीत. ते फाटतात, करपतात, तंतू सुटतात. तेव्हा निखळ लोकरीच्या जर्सीवर कोणी वितळलेला बोर्ड बर्न दाखवला, तर तो बनावट आहे.

पकचा ठसा राखाडी-काळा, अंगठ्याएवढा रुंद किंवा कमानीसारखा असतो. पकची जाडी 1 इंच आणि व्यास 3 इंच, आणि ठशाचा आकार या मापांत कुठेतरी बसतो. स्टिकचे डाग लांब, तिरपे, काजळीसारखे असतात आणि विणकामाच्या उंच भागावरच बसलेले दिसतात. कॉलरच्या आत घाम, बाहीच्या टोकाशी हातमोज्यानं घासून उठलेले धाग्यांचे बारीक गोळे, खांद्याच्या आत पॅडच्या वेल्क्रोनं ओढलेले धागे, नावपट्टीवर हेल्मेटच्या मागच्या कडेची घासण: ही यादी पाठ करून शोधायला बसा. गोलरक्षकाच्या जर्सीचं गणित वेगळं. ती अंगाला आणि बाह्यांना जास्त रुंद कापलेली असते, बोर्ड बर्न जवळजवळ नसतात, ठसे छातीवर आणि हातांवर असतात.

खोटी झीज ओळखायची ती तिच्या सारखेपणावरून. सँडपेपर किंवा तारेचा ब्रश एका दिशेनं, एका लयीत चालतो; तंतू सगळे एकाच बाजूला उभे राहतात आणि झीज समोरून दिसेल अशाच जागी असते. आतली बाजू मात्र नवी राहते. हातानं घासलेल्या पकचे ठसे एकाच दाबाचे, एकाच लांबीचे येतात. खऱ्या जर्सीवर नवे डाग जुन्यांवर चढलेले असतात, काही धुऊन फिके झालेले, काही गडद. हे थर हातानं तयार करणं फार कठीण आहे.

संघाच्या साहित्यव्यवस्थापकानं केलेलं रफू हा तर खजिनाच. सामन्यांच्या मध्ये घाईनं, हाताशी असलेल्या धाग्यानं केलेलं काम असतं ते. कधी रंग जुळत नाही, कधी आतून ठिगळ लावलेलं असतं. रफूवर पुन्हा डाग आणि धुण्याच्या खुणा असतील तर ते वापराच्या काळातलं आहे. भोक आहे, त्याभोवती टाका स्वच्छ आहे आणि कडा ताज्या आहेत, तर ते संग्राहकाच्या घरचं. भोकं बुजवायला देऊ नका.

आणि आता छायाचित्रं. रंग, बोधचिन्ह, नाव-अंकाची शैली जुळणं म्हणजे फक्त शैली जुळणं. त्या संघाच्या वीस जर्सी तशा असतील. खरी जुळवणी म्हणजे फक्त याच एका जर्सीवर असलेली खूण छायाचित्रात सापडणं. रफू आणि बोर्ड बर्न सर्वांत भक्कम. त्याखालोखाल बसवणीच्या चुका: अंकाचा कोपरा जाळीच्या कितव्या भोकावर येतो, अक्षरांमधलं अंतर, तिरकी बसलेली नावपट्टी, बाहीवरचा अंक पट्ट्यापासून किती मिलिमीटर वर आहे. अंक हातानं बसवलेले असल्यानं या गोष्टी जर्सीगणिक बदलतात. एकमेकांशी संबंध नसलेल्या किमान तीन खुणा जुळल्याशिवाय मी तरी जुळणी मानणार नाही.

काळाची दिशा विसरू नका. छायाचित्र जानेवारीतलं आणि भोक मार्चमध्ये पडलं असेल, तर जानेवारीत भोक दिसणार नाही आणि त्यात विसंगती काही नाही. पण छायाचित्रात रफू आहे आणि तुमच्या जर्सीवर त्या जागी अखंड कापड आहे, तर ती ही जर्सी नव्हे. तिथे वाद संपतो. जुने फोटो कधीकधी उलटे छापलेले असतात, म्हणून आधी त्यातला अंक सरळ वाचता येतोय ना ते पाहा. हॉकी कार्डांवरचे (खेळाडूंच्या संग्राह्य छापील कार्डांवरचे) फोटो बहुतेकदा आधीच्या हंगामातले असतात. छपाईचे ठिपके असलेल्या मासिकाच्या चित्रापेक्षा मूळ निगेटिव्हवरून काढलेली प्रत शंभर पटींनी उपयोगी. छायाचित्रसंस्थांच्या संग्रहातून मोठ्या आकाराची प्रत विकत घ्यावी लागली तर घ्या. खेळाडूच्या सवयीही पाहा. वेन ग्रेट्झ्की जर्सीची उजवी बाजू पँटमध्ये खोचत असे. त्याची म्हणून दाखवलेल्या जर्सीच्या दोन्ही बाजू सारख्याच झिजलेल्या असतील तर थांबून विचार करायला हवा.

आता पत्र उघडा. लिहिणाऱ्यानं जर्सी कोणाकडून आली हे सांगितलंय की फक्त ‘त्या काळाशी सुसंगत वाटते’ एवढंच? पहिलं वंशावळ आहे, दुसरं मत. पत्रात या विशिष्ट जर्सीचं वर्णन नसेल, म्हणजे रफू कुठे, माप किती, लेबल कोणतं हे नसेल, तर तेच पत्र उद्या दुसऱ्या जर्सीसोबत फिरू शकतं.

किमतीबद्दल थोडंच बोलतो. वरचं टोक कुठे आहे याची कल्पना यावी म्हणून: 1972 च्या कॅनडा-सोव्हिएत मालिकेत निर्णायक गोल करणाऱ्या पॉल हेंडरसनची जर्सी 2010 मध्ये 10 लाख डॉलरच्या पुढे गेली, आणि ग्रेट्झ्कीची एडमंटन ऑइलर्सकडून घातलेली 1988 ची जर्सी 2022 मध्ये 14 लाख डॉलरच्या वर. तुमच्या बचावपटूच्या किमतीशी त्याचा संबंध नाही. तिथे संघ, जर्सीची शैली, झीज आणि पुरावा यांवर भाव ठरतो, आणि माझ्या मते साध्या खेळाडूची छायाचित्रानं सिद्ध झालेली, भरपूर झिजलेली जर्सी ही मोठ्या नावाच्या संशयास्पद जर्सीपेक्षा केव्हाही चांगली खरेदी.

घेतल्यावर पहिल्या दिवशी नोंद करा: दोन्ही बाजू, आतून आणि बाहेरून, प्रत्येक खुणेचा मोजपट्टीसह फोटो, छाती, लांबी, बाही, अंकाची उंची यांची मापं. मग ठेवण. हँगरवर लावू नका, विणलेलं कापड स्वतःच्या आणि ट्विलच्या वजनानं खांद्यावर ओघळतं. आम्लमुक्त पेटीत सपाट ठेवा, घडी घालावीच लागली तर घडीत आम्लमुक्त कागदाची गुंडाळी घाला म्हणजे धारदार मोड पडणार नाही. लोकरीसाठी क्षार न मिसळलेला कागद घ्या. पीव्हीसीच्या पिशव्या आणि ड्रायक्लीनरचं प्लास्टिक नको. रबरी किंवा छापील बोधचिन्हं एकमेकांना चिकटतात आणि पट्ट्याचं धातूचं बटण कापडावर गंज सोडतं, म्हणून मध्ये कागद ठेवा. तापमान 18 ते 20 अंश, आर्द्रता 45 ते 55 टक्के, आणि मांडून ठेवायची तर प्रकाश 50 लक्सच्या (प्रकाश मोजण्याचं एकक) आत, अतिनील किरण अडवणाऱ्या काचेमागे, काचेला न टेकवता. चौकटीत गोंद कधीच नको. शिवणीतून सुती धाग्याचे सैल टाके घाला.

लोकरीच्या आणि फेल्टचं बोधचिन्ह असलेल्या जर्सीला कसर लागते. डांबराच्या गोळ्यांचा वास कापडात कायमचा बसतो, त्या टाळा. जर्सी पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून बंद करा, उणे 20 अंशाखालच्या फ्रीझरमध्ये निदान एक आठवडा ठेवा आणि बाहेर काढल्यावर पिशवी 24 तास उघडू नका, नाहीतर दव कापडावरच जमेल. त्या अवस्थेत तिला वाकवूही नका, छापलेला भाग तडकतो.

तुमच्या जर्सीपुरतं सांगायचं तर विकणाऱ्याकडून तीन फोटो आधी मागवा: नावपट्टीची आतली बाजू, दोन्ही खांदे आतून, आणि पाठीची खालची कड आतून. सोबत परत करण्याची लेखी मुदत, किमान 14 दिवसांची. हे तीन फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून घेऊ नका.